शेवटच्या मंडलावरचा पाहुणा

यातला शब्दन्‌शब्द खरा आहे हं! खोटा निघाला तर पुढच्या म्हपूजेला माझीच वात अर्ध्यात विझो.

तर पाहुणा जाऊन बसला तो नेमका शेवटच्या मंडलावर.

म्हपूजेची, म्हणजे आपापल्या देहाला पुजायची संध्याकाळ. वरच्या मजल्यावर चुलीपासून भिंतीपर्यंत तांदळाच्या पिठाची मंडलं ओळीने मांडलेली, माणशी एक. वरच्या टोकाला घरात सगळ्यात थोरली अष्टमाया, मग लेक, सून, नातवंडं, मग पाहुणा. आणि भिंतीकडची दोन रिकामी. एक यमराजाचं, एक त्याच्या दूताचं. तिथे कुणी बसत नाही.

"अहो, तिथे नाही!" सून चंद्रशोभा हातातलं ताट ठेवून धावली. "इकडे सरका, इकडे!"

"इथे पाय पसरता येतात," विलेम म्हणाला. मोडकंतोडकं नेपाळी यायचं त्याला.

"राहू दे गं," अष्टमाया म्हणाली. "ज्याची जागा त्याला बरोबर कळते."

तिचा संशय दुपारपासूनचा. गावात येणाऱ्या पाहुण्यांना बायकांचा गट पाळीपाळीने घरं वाटून देतो. हा पाहुणा शेजारणीच्या वाट्याचा. पण शेजारची म्हातारी चार दिवसांपूर्वी गेली, घरात सुतक, म्हणून याला इकडे धाडला. तिकडचं काम उरकलं आणि थेट इकडे! आला तोही गल्लीतून एका रेड्याच्या मागोमाग. ताडमाड उंच, नुसती हाडं, गुडघ्यापर्यंत काळा कोट. गल्लीतलं एकही कुत्रं भुंकलं नाही.

आल्या आल्या त्याने वही काढली. नावं लक्षात राहत नाहीत म्हणे. एकेकाचं नाव लिहिलं, पुढे वय लिहिलं. चंद्रशोभेची जीभ आधीच सैल. "आमच्या माँना चार दिवसांनी सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस पूर्ण होतात! रथात बसवून गावभर फिरवणार. एकदा रथातून उतरल्या की माँ माणसांतून देवांत!"

विलेमने ती तारीख लिहून घेतली. खाली दोन रेघा मारल्या.

अष्टमायेने खिडकीतून खाली बघितलं. अंगणात रथाची चाकं रंगवून वाळत होती. फक्त चार दिवस. देवांत गेलेल्या बाईला कोण हात लावतो? पण चार दिवस जायला हवे होते ना!

वाती पेटल्या. चंद्रशोभेने प्रत्येकाच्या हातात अंडं, मासा दिला, उंचावरून धार धरून दारू ओतली. विलेमने दूताच्या वातीपुढे बसून अठरा वडे खाल्ले.

"काय रे," अष्टमायेने ओळीच्या त्या टोकावरून विचारलं, "तुमच्या देशात काय काम करायचास?"

"टपाल वाटायचो, दिदी. चाळीस वर्षं. दारोदार."

अष्टमायेने सुनेकडे बघितलं. ऐकलंस?

"आणि एखाद्याने चिठ्ठी घेतलीच नाही तर?"

"घेतातच. मी सही घेतो ना."

"घरात कुणी नसलं तर?"

"तर दुसऱ्या दिवशी परत जातो," विलेम हसला. "मी कधी कुणाला सोडलं नाही."

"माँ, पोस्टमन आहे तो," चंद्रशोभा कानाशी लागून म्हणाली. "काहीतरीच काय मनात आणता!"

"मी कुठे काय म्हणाले? तू वाढ त्याला. भरल्या पोटी माणूस आळसावतो."

रात्रभर अष्टमायेने पाठ टेकली नाही. सकाळी, भावांना ओवाळायच्या दिवशी, ती न्हाऊन खाली आली आणि म्हणाली, "विलेमला पाटावर बसव. माझे तिन्ही भाऊ गेले. आजपासून हा माझा भाऊ."

तिने त्याच्याभोवती तेलाची धार धरून तीन फेऱ्या मारल्या. उंबऱ्यावर अक्रोड ठेवला आणि दगडाने असा ठेचला की कोपऱ्यातली मांजर पळाली. कपाळाला टिळा लावला. मग गळ्यात माळ घातली, जांभळ्या मखमलीच्या, खुडली तरी न सुकणाऱ्या फुलांची.

"आता ऐक," ती म्हणाली. "हे तेल वाळत नाही, हा अक्रोड उगवत नाही, ही माळ सुकत नाही, तोवर या घरातल्या कुणाला हात लावायचा नाही. म्हण, हो दिदी."

"हो, दिदी."

"वहीत लिही."

त्याने लिहिलं.

"खाली सही कर."

विलेमच्या डोळ्यांत पाणी आलं. कपाळावरचा टिळा ओघळला असेल. पण सही त्याने केली, आणि अष्टमायेने ते पान टर्रकन फाडून चोळीत खोचलं.

चौथ्या दिवशी रथ निघाला. लेक-नातवांच्या जोडीला दोरीला पहिला हात विलेमचा. "हळू रे!" वरून अष्टमाया ओरडली. "कसली एवढी घाई तुला?"

या गोष्टीला नऊ वर्षं झाली. अष्टमाया ठणठणीत आहे आणि आपल्या देशी परतलेल्या विलेमच्या दारावरची ती माळ अजून जशीच्या तशी आहे.

बरं बाई, एवढं एक मी पदरचं घातलं. कुठलंही फूल असो, शेवटी सुकतंच. म्हणून दर वर्षी अष्टमाया मखमलीची नवी माळ ओवते, डब्यात भरते, पोस्टात स्वतः जाते आणि पावती मिळाल्याशिवाय हलत नाही.

"आजी, एकुलता एक भाऊ, आणि इतक्या लांब?" पोस्टातली मुलगी दरवेळी हळहळते.

"असू दे गं," अष्टमाया म्हणते. "लांब आहे तोच बरा."