उरलेलं बटण

“सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस.” पोरगी जमिनीवर बटणांचे ढीग लावत होती. एक ढीग म्हणजे एक होडी, एका होडीत सहा माणसं. पाच ढीग झाले आणि मुठीत एक काळं बटण उरलं.

“आजोबा, एकतीस माणसं पलीकडे न्यायचीत. किती फेऱ्या?”

खिडकीशी बसलेला म्हातारा नावाडी ढिगांकडे बघत राहिला. मशीनवर कोटाला अस्तर लावणारी त्याची लेक मान वर न करताच म्हणाली, “पाच फेऱ्या, बाकी एक. बाकी सोडून द्यायची असते. विचार तुझ्या आजोबांना, त्यांना चांगलं ठाऊक आहे.”

म्हाताऱ्याने ते गिळलं. असं काहीबाही तो नेहमीच गिळायचा. लेक त्याला वेळेवर जेवू घालायची, दुखण्यात उशाशी बसायची. पण त्याच्याशी गोड शब्द बोलून जमाना झाला होता.

पूर आला तेव्हा ती या पोरीएवढीच होती. शाळेच्या छपरावर माणसं दाटीवाटीने उभी होती आणि धड होडी काय ती एकट्या तिच्या बापाची. तो फेऱ्या मारत राहिला. शेवटी होडीत एकच जागा उरली आणि छपरावर त्या मायलेकी. आईने तिला उचलून होडीत दिलं. “हिला न्या. मी पुढच्या फेरीला येते,” म्हणाली, जणू कोपऱ्यावरच्या दुकानातूनच यायचं होतं.

काठावर कुणीतरी पोरीला ब्लँकेटमध्ये गुंडाळलं आणि छावणीकडे निघालेल्या ट्रकमध्ये बसवलं. दुसऱ्या दिवशी बाप तिथे आला, तो एकटाच.

“तुम्ही परत गेलाच नाहीत ना?” तिने विचारलं होतं. बाप गप्प राहिला. लोक म्हणाले, दमला असेल बिचारा. तिने मात्र त्या गप्प राहण्याचा जो अर्थ लावला, तो कायमचा. अजूनही नळ जोरात सुटला की तिला आईची हाक ऐकू यायची. ती धावत जाऊन नळ बंद करायची. हाक तरीही थांबायची नाही.

“चूक!” पोरगी ओरडली. “बाई म्हणाल्या, माणसं असली की बाकी लिहायची नाही. एकासाठीसुद्धा आणखी एक फेरी करायची.” तिने काळं बटण वेगळं मांडलं. “सहा फेऱ्या. हो ना, आजोबा?”

मशीन थांबली.

“हो, चिमणे. करायचीच.” म्हातारा म्हणाला. “मीही केली होती.”

लेक उठून उभी राहिली. मांडीवरचा कोट खाली घसरला.

“केली होती?”

“पोचलो तेव्हा छप्परच उरलं नव्हतं. दिवस मावळेपर्यंत हाका मारत फिरलो.”

“आणि मला सांगितलं नाहीत? इतकी वर्षं मी तुम्हाला नाही नाही ते बोलले, बाबा!”

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, लहान मुलाला समजवावं तसं.

“होडीत जागा एकच होती, पोरी, आणि तिथे तू बसली होतीस. माझा राग करत होतीस, तोवर तुझा स्वतःचा राग करायचं तुला सुचलं नाही.”