अजून एक रेघ पुढं

"काल म्हणाले मागं घे. आज म्हणतात पुढं घे. हे इंजिन हाय का गॅसची शेगडी, बारीक-मोठी करायला?"

मेकॅनिक गोकुळचं डोकं बॉनेटखाली होतं आणि तो आपला इंजिनाशीच पुटपुटत होता. शेजारी टायरवर बसलेल्या माधवीला शब्द न् शब्द ऐकू आला. तिनं न ऐकल्यासारखं केलं. बारामतीच्या त्या गॅरेजात आठवडाभर सगळ्यांचं हेच चाललं होतं.

रविवारी पळसदेवच्या माळावर मोटारींची शर्यत होती. गाडी तिच्या थोरल्या दिराची, मानसिंगची. चालवणार तिचा नवरा, रणजित. आणि गाडी काही केल्या पळत नव्हती.

सगळा दोष एका दातेरी चाकावर. इंजिनाचे वॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे, ते हे कॅमचं चाक ठरवतं. मानसिंगनं मुद्दाम पुण्याहून मागंपुढं सरकवता येणारं आणलं होतं, वर बारीक रेघा मारलेलं. मागं घेतलं की ताकद उशिरा येते, पण आली की गाडी सुसाट सुटते. पुढं घेतलं की इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच जोर लागतो, वर गेल्यावर मात्र दम संपतो. रणजित म्हणायचा, जोर न्हाय. मानसिंग एखाद्या वेळी म्हणायचा, मागं घे, पण बहुतेकदा म्हणायचा, पुढं घे. गोकुळ एक रेघ पुढं घ्यायचा. असं करत करत चाक पार कडेला येऊन टेकलं होतं.

"वहिनी, ह्या खेपेला तुमी बसा शेजारी," गोकुळ हात पुसत म्हणाला. तिच्याकडं न बघता. "फेऱ्यांचा काटा तेवढा बघा. सहापर्यंत, म्हंजी सहा हजारावर जायला पायजे."

ती बसली. एमआयडीसीच्या मागचा रस्ता सरळ आणि मोकळा. रणजितनं गाडी सोडली. काटा तीनवर गेला, चारवर गेला. इंजिनाचा आवाज बदलला, दावं तोडायच्या आधी जनावर अंग ताठ करतं तसा. आणि काटा धपकन खाली आला.

माधवीनं नजर खाली नेली. नवऱ्याचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला गेला होता. त्यानं पुन्हा गाडी दामटली. पुन्हा चार. पुन्हा पाय वर. स्टिअरिंग तर असं धरलेलं, जसं काही विहिरीत लोंबकळताना दोर धरलाय.

सांगवीजवळ तो गाडीसकट कालव्यात उलटला, त्याला वर्ष होत आलं होतं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, त्या दिवशी मानसिंगनं पेढे वाटले आणि घरात तो विषय मिटला.

"काय रे?" गाडी गॅरेजात शिरते न शिरते तोच मानसिंगनं विचारलं.

"सहापर्यंत नेली, दादा," रणजित बसल्या जागेवरून म्हणाला. "दमच न्हाय तिच्यात."

गोकुळनं माधवीकडं बघितलं. मग जमिनीकडं.

"अजून एक रेघ पुढं घे," मानसिंग म्हणाला.

"जागा न्हाय आता, मानसिंगराव. ह्याच्या पुढं घेतलं तर वॉल्व्ह पिस्टनवर आपटंल."

"आपटू दे! निमगावपासनं बोर्ड लागल्यात आपल्या नावाचे. ह्याचा फोटो हाय त्यावर. मी काय तोंड दाखवू लोकांस्नी? घे म्हणतो ना!"

आणि गोकुळनं खरोखर पाना उचलला.

माधवीच्या डोक्यात तिडीक गेली ती त्या पान्यानं. ह्या गोकुळला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर तिला काटा बघायला बसवलं, आपण स्वतः वाईट व्हायला नको!

"ठेवा तो खाली," ती म्हणाली. "ठेवा म्हणते ना, गोकुळभावजी! आठवडा झाला, त्या मुक्या लोखंडाला पिळताय. काटा चारच्या वर गेलाच न्हाय."

"तुला काय कळतंय गं काट्यातलं?" मानसिंग ओरडला.

"चाराच्या पुढं पाच येतो एवढं कळतं, दादा. तुमालाबी कळतंय. बोर्ड लावताना फोटो बघितलासा, माणसाकडं बघितलं व्हय कुणी? एवढी हौस हाय तर रविवारी तुमी बसा आत!"

"रणजित, बायकोला आवर."

सगळे गाडीकडं वळले. दार उघडं होतं. रणजित तसाच आत, एक पाय बाहेर टेकवून.

"माधवी, गप," तो म्हणाला.

ती रागानं पुन्हा टायरवर जाऊन बसली.

रणजितनं भावाकडं मान वर केली.

"गाडीला लई जोर हाय, दादा. मीच पाय काढतो. भ्या वाटतं मला."