सात नंबरचा माणूस

सात नंबरचा व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला आणि पडद्यावर कारण उमटलं: 'लाइनवर माणूस आहे.'

"कुठला माणूस?" कंट्रोल रूममधल्या इनामदार मॅडम वैतागल्या. "म्हसकरकाका, जरा बघून या हो."

अर्ध्या तासाने काय होणार ते आधीच कळणारे हे व्हॉल्व्ह बसवल्यापासून फिटर म्हसकरकाकांच्या डोक्याला नुसता ताप झाला होता. ते पाना घेऊन गेले. वाफेच्या लाइनवर चिटपाखरू नव्हतं. कचरा अडकला असेल म्हणून त्यांनी व्हॉल्व्हच्या पुढची फ्लँज, म्हणजे पाइपचा बोल्ट लावलेला जोड, खोलली. आत सगळं लख्ख. मग सहज मागे पाहिलं आणि त्यांना दरदरून घाम फुटला. वाफ तोडायला आधी फिरवून बंद करायचं मागचं चाक त्यांनी बंदच केलं नव्हतं! सात नंबर उघडा असता तर काका जागच्या जागी शिजले असते.

भराभर बोल्ट आवळून ते परतले.

"मीच तो माणूस," ते म्हणाले. "पण व्हॉल्व्ह बंद झाला नसता, तर मी तिथे गेलो असतो कशाला?"

"ते राहू द्या. अजून उघडत नाहीये तो," मॅडमनी पडद्याकडे बोट दाखवलं. "माणूस आहेच म्हणतोय."

"आता आणि कोण कडमडलं तिथे?" म्हणत काकांनी पाना उचलला आणि ते पुन्हा लाइनकडे निघाले.