तिसरी खेप

काकू चष्म्याच्या दुकानात शिरली तेव्हा पुतणी एका फ्रेमची दांडी गरम करून वाकवत होती. तिनं मान वर केली नाही.

"आलीस परत?"

"आले." काकू गिऱ्हाइकाच्या स्टुलावर टेकली. "सूर्य बुडायच्या आत विचारते. मला माफ कर."

सूर्य बुडाला की ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस लागणार होता. मग पाण्याचा थेंबही न घेता कडकडीत उपास आणि सिनेगॉगमध्ये दिवसभर प्रार्थना. देवाचे केलेले अपराध त्या दिवशी देव माफ करतो. माणसाचा अपराध केला असेल, तर आधी त्या माणसाच्या दारात जावं लागतं. तिथे देवाचाही वशिला चालत नाही.

काकूचा अपराध जिभेचा होता. पुतणीला फिट्स येतात, हे तिनं शिवणाच्या मशीनवर बसल्या बसल्या एका गिऱ्हाइकाला सांगितलं. होणाऱ्या नवऱ्याला पुतणी स्वतःच सांगणार होती. त्याआधी ते त्याच्या आईच्या कानावर गेलं आणि ठरलेलं लग्न मोडलं.

पुतणीनं दांडी गार पाण्यात बुडवली.

"तीनदा येऊन माफी मागितली की समोरच्यानं नाही दिली तरी मागणारा सुटतो. धर्मातच आहे तसं. ही तुझी तिसरी खेप. मी नाहीच म्हणतेय. जा, सुटलीस."

काकू उठली नाही.

"जा ना!"

"मला कुठे सुटायचंय?" काकूचा आवाज चिरकला. "तू उद्या येणार नाहीस म्हणे. तुझी आई सांगत होती."

"कशाला येऊ? डॉक्टरांनी उपासाला मनाई केलीय. गोळ्या वेळेवर, त्याही खाऊन. सगळे उपाशी उभे आणि मी मधेच डबा उघडून बसू? लोकांना आयता तमाशा. आणि कारण तर तुझ्या कृपेनं सगळ्यांना पाठच आहे."

"मी तुझ्यापुढे उभी राहते. शाल आडवी धरते. कुणाला दिसायचं नाही."

पुतणीनं हातातली फ्रेम खाली ठेवली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं.

"आडोसा नको. लपवून काय झालं ते बघितलं मी. शेजारी बसायची हिंमत आहे का, ते सांग. फिट आली तर डोकं मांडीवर घ्यायचं. सगळ्यांच्या देखत."

"बसेन."

"म्हणजे माफ केलं असं समजू नकोस."

"नाही समजत."

दुसऱ्या दिवशी सिनेगॉगच्या वरच्या सज्जात बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या. पापांची कबुली सुरू झाली. एकेका पापाला छातीवर एकेक मूठ. या प्रार्थनेत 'मी' नाही, सगळे मिळून 'आम्ही' म्हणतात. आम्ही फसवलं. आम्ही वाईटसाईट बोललो. या ओळीला काकूचा आवाज इतका वर गेला की चार माना मागे वळल्या.

नेमका तेव्हाच पुतणीनं डबा उघडला. ती बाकावर बसली आणि तिनं पावाचा तुकडा मोडला. काकूही तिच्याशेजारी बसली. सगळा सज्जा उभा आणि या दोघीच बसलेल्या. कुणीतरी कुजबुजलं. काकूनं पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून बाटली तिच्या हातात दिली आणि बसल्या जागेवरून पुढचं पाप म्हटलं. आम्ही ताठ मानेनं वागलो.

पुढच्या रांगेतली म्हातारी बाई मघापासून घाम पुसत होती. ती हळूच मागे सरकली आणि पुतणीजवळ बाकावर बसली. छातीवर आपटत होती ती मूठ तिनं उघडली. आत एक गोळी होती, घामानं विरघळत आलेली.

"पोरी," ती म्हणाली, "मलाही घोटभर पाणी दे गं."