बाटलीचा होल्डर

चौथा होल्डरही आजोबांनी नापास केला. पाण्याने भरलेली स्टीलची बाटली त्यात बसवून त्यांनी सायकलचं पुढचं चाक दुकानाच्या पायरीवरून खाली सोडलं, आणि बाटली उडून थेट दुकानवालीच्या चपलेपाशी जाऊन थांबली.

"आजोबा, पाणीच ना हे?" दुकानवालीने बाटली उचलली. "सांडलं तर पुन्हा भरून घ्यायचं. एवढी परीक्षा मी जावयाचीसुद्धा घेतली नव्हती."

"आत्ता पाणी आहे. दीड वाजता दूध असेल," आजोबा म्हणाले. "नातीचं."

मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं. नाहीतर ही बाई मनावर घेणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मुलगी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात पुन्हा कामावर जाऊ लागली होती. नात चार महिन्यांची, घरी आजीजवळ. जेवणाच्या सुट्टीत मुलगी आपलं दूध काढून द्यायची आणि आजोबा ते सायकलवरून घरी न्यायचे. पंधरा दिवस सुरळीत गेले. दोन दिवसांपूर्वी मात्र रेल्वे फाटकाच्या रुळांवर जुन्या होल्डरमधून बाटली उडाली, झाकण निघालं आणि होतं नव्हतं ते दूध खडीत गेलं. मुलगी चिडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "असू दे, बाबा" म्हणाली आणि संध्याकाळी येताना दुधाच्या पावडरीचा भलामोठा डबा घेऊन आली. आजचा एक दिवस आजोबांनी हट्टाने मागून घेतला होता. आज सांडलं तर उद्यापासून डबा.

"पण मी म्हणते, पाठीवरच्या पिशवीत का नाही ठेवत?"

"पाठीवर दिसत नाही ना. मला ते डोळ्यांसमोर हवं."

दुकानवालीने बाटली हातात फिरवून पाहिली. तिला मऊ फडकं गुंडाळून वर सुतळी बांधलेली होती. गाठ इतकी सुबक की सोडवायला जीव होऊ नये.

"हे कुणी गुंडाळलं?"

"मीच. चाळीस वर्षं काचसामानाच्या पेट्या भरल्यात. पेले म्हणू नका, झुंबरं म्हणू नका. एकाला तडा गेला असेल तर शपथ."

"तिथंच तर चुकतंय, आजोबा. काच फुटते, तिला मऊ गुंडाळायचं. ही बाटली फुटत नाही, ही पळते. आणि तुमचं फडकं तिला वाट करून देतंय. हिची गादी काढा, हिला घट्ट धरायला पाहिजे."

आजोबांचा चेहरा पडला. चाळीस वर्षांच्या विद्येनेच नातीचं दूध सांडलं, हे त्यांना फार लागलं. पण खरं ते खरं. गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने सोडली.

दुकानवालीने पंक्चरच्या ढिगातून एक जुनी ट्यूब ओढली, तिच्या दोन रुंद गोल पट्ट्या कापल्या आणि फडकं काढलेल्या बाटलीवर चढवल्या. मग आजोबांनी पहिल्याच फटक्यात नापास केलेला साधा ॲल्युमिनियमचा होल्डर तिने पुन्हा काढला. त्याचे दोन्ही हात अंगठ्यांनी किंचित आत वाकवले, दोन स्क्रूंनी तो सायकलवर आवळला आणि त्यात बाटली कोंबली. चाक पायरीवरून पडलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा आजोबांनी सगळा जोर लावून आपटलं. बाटली ढिम्म हलली नाही.

दुकानवालीने ती काढली, पाणी ओतून टाकलं आणि रिकामी बाटली आजोबांच्या हातात दिली. "काढताना सरळ वर ओढू नका. आधी फिरवायची, मग ओढायची." आजोबांचं लक्ष घड्याळाकडे होतं. ते तोवर सायकलवर बसलेसुद्धा.

कारखान्याच्या दारात मुलीने बाटली नेली, उकळत्या पाण्याने धुऊन भरून आणली आणि स्वतःच होल्डरमध्ये बसवली. ओढून पाहिली. पुन्हा ओढून पाहिली. "जपून जा, बाबा," एवढंच म्हणाली आणि भोंगा वाजल्यावर आत पळाली.

फाटकापाशी आजोबांच्या मनात आलं, उतरून चालत जावं. पण मग होल्डर कशाला घेतला? ते बसूनच राहिले. सायकल खडखडली, घंटी आपोआप वाजली, दातांवर दात आपटले. बाटली दोन गुडघ्यांच्या मध्ये जिथे होती तिथेच होती. पुढचा रस्ता त्यांनी शीळ घालत कापला.

आजी नातीला घेऊन दारातच उभी होती. नात रडून लाल झाली होती. आजोबांनी बाटली ओढली. निघेना. दोन्ही हातांनी ओढली. सायकल उचलली गेली, बाटली नाही.

"अहो, आता काय पोरीला सायकलीसकट पाजायचं?"

आजोबांना हसू आवरेना. इतकं हसले की हातातलं बळच गेलं. मग दुकानवालीचं बोलणं आठवलं. फिरवली, ओढली, आली.

थोड्या वेळाने फोन वाजला तेव्हा नात आजोबांच्या मांडीवर होती आणि पाजायची बाटली निम्मी संपली होती. फोन आजीने घेतला.

"पोचलं. थेंब न् थेंब पोचलं. तू कर तुझं काम."

फोन ठेवून आजीने ओट्यावरचा पावडरीचा डबा उचलला, स्टूल ओढलं, वर चढली आणि डबा माळ्यावर पार मागे, भिंतीपर्यंत ढकलून दिला.