उजव्या चाकावरचं वजन

ऑर्व्हल गुडघ्यांवर बसून मागच्या उजव्या टायरची हवा कमी करत होता. त्याची बायको लोरीन घडीच्या खुर्चीत बसून बटाट्याचं सॅलड खात होती.

बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर दर रविवारी गावातली जुन्या गाड्यांची माणसं शर्यती लावत. ऑर्व्हलची गाडी सत्तर सालची, हिरवी, दोन दारांची. इंजिन असं दांडगं, की गुरगुरलं की सॅलडचा डबा टेबलावरून सरकायचा. पण सुटताना मागची चाकं जागच्या जागी फिरत, धुराचे लोट उठत आणि शेजारचा व्हर्जिल आपल्या खटाऱ्यातून पुढे निघून जाई. मग ऑर्व्हल धावपट्टीला नावं ठेवी. नाचता येईना अंगण वाकडं. हिवाळाभर खपून तो इंजिनाची ताकद आणखी वाढवी, आणि उन्हाळ्यात चाकं आणखी जोरात जागीच फिरत.

आज मात्र त्याने लोरीनला शब्द दिला होता. हरलो तर सोमवारी गाडी गिऱ्हाइकाला द्यायची आणि दोघांनी ॲरिझोनाला, मुलीजवळ राहायला जायचं. जिंकलो तर गाडी इथेच, आणि आपणही इथेच. लोरीनने पडदेसुद्धा धुऊन खोक्यात भरून ठेवले होते.

"वजन पाहिजे," ऑर्व्हल म्हणाला. "सुटताना हे उजवं चाक हलकं पडतं. याच्यावर भार पडला ना, की रस्ता सोडायची नाही ही."

"मग वाळूची पोती कुठायत?"

"गॅरेजात राहिली."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग लोरीनकडे पाहिलं, डोक्यापासून पायांपर्यंत. इतकं निरखून त्याने तिच्याकडे बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लोरीन, मागे बसतेस? उजव्या बाजूला."

"मी?"

"चल ना गं."

मुलगी झाल्यापासून तो तिला या गाडीत बस म्हणाला नव्हता. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा रागही आला. तिने हात पुसले. ऑर्व्हलने पुढची सीट वाकवली, ती कशीबशी मागे शिरली. त्याने तिला आणखी उजवीकडे सरकायला सांगितलं. ती सरकली.

झेंडा पडला. चाकं एकदा किंचाळली आणि रस्त्याला चिकटली. लोरीन मागे सीटवर आपटली आणि मोठमोठ्याने हसायला लागली. तेवढ्यापुरती ती ॲरिझोना विसरली. व्हर्जिल मागे राहिला.

गाडी थांबताच ऑर्व्हल उडी मारून उतरला आणि दार लोटून देऊन थेट मागच्या उजव्या टायरपाशी गेला. गरम रबरावरून तो हळूहळू तळवा फिरवू लागला.

व्हर्जिल धापा टाकत आला. "काय घातलंस रे मागे?"

"दीडशे पौंड," ऑर्व्हल म्हणाला. "बरोबर जागी."

"आणि पुढच्या रविवारी?"

"हेच. आता हलवायचं नाही इथून."

लोरीनचं हसू ओसरलं. काचेतून तिला नवऱ्याचं टक्कल आणि टायरवर फिरणारा हात दिसत होता. तिने हँडल फिरवून काच खाली केली.

"ऑर्व्हल, पुढच्या रविवारी वाळूची पोती विसरू नकोस. मी ॲरिझोनात असेन."

ऑर्व्हलने वर पाहिलं. हात टायरवरच होता.

"अगं, पण मी जिंकलो ना!"

"जिंकलास," ती म्हणाली. "आता ती सीट वाकव."