लाखो मुठींची आई

कम्युनिस्ट पक्षाचं राज्य उलटलं आणि कवी लुचेझारची झोप उडाली. निवडक कवितांचं पुस्तक छापायला द्यायचं होतं आणि त्यातली सगळ्यात गाजलेली कविता नेमकी पक्षावर होती. वगळायला जीव होईना. शेवटी त्याने वरचं 'पक्षास' खोडून 'आईस' केलं, चार-दोन लाल झेंडे उपटून तिथे गुलाब लावले आणि कविता घेऊन थेट गाव गाठलं.

म्हातारी त्सोना अंगणात भाजलेल्या भोपळी मिरच्या सोलत बसली होती. लेकाने जन्मात पहिल्यांदा आपल्यावर काही लिहिलं म्हटल्यावर तिने एप्रनला हात पुसले आणि कान देऊन ऐकलं.

"पोलादी छाती?" ती म्हणाली. "पीत होतास तेव्हा तर कुरकुर नव्हती तुझी."

"उपमा असते गं ती, आई."

"आणि या लाखो मुठी? मला मेल्या दोनच, त्याही संधिवाताने मिटत नाहीत."

लुचेझार दाराकडे बघायला लागला. म्हातारीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अरे, ही तर दर नऊ सप्टेंबरला, पक्षाच्या सणाला, रेडिओवर लागायची तीच! पक्षाचा उतरवलेला झगा मला चढवलास होय रे?"

लुचेझार ओशाळला. "नवी लिहितो, आई. फक्त तुझ्यावर."

"काही नको. हीच राहू दे." तिने पुढची मिरची उचलली. "वरचं 'आईस' तेवढं पेन्सिलीने लिही. ते लोक परत आले, तर तुला खोडायला सोपं जाईल."